भाऊजींची लाथ

भाऊजी, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, आणि तुमची आठवण काढायला बसले की सगळ्यात आधी आठवते ती तुमची लाथ. डाव्या कुशीत, बरगड्यांवर, जाड रबरी चपलेसकट बसलेली. दोन बरगड्या मोडल्या होत्या. थंडी पडली की अजून तिथे कळ येते. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून कुणाजवळ घड्याळ असतं, कुणाजवळ पेन असतं. माझ्याजवळ ही कळ आहे आणि मला ती पुरते.

दिवसांना आलेली माणसं काय म्हणत होती, ऐकायला हवं होतंत. "स्वभाव जरा तापट, पण मन साफ." जरा? मला तिथे हसू आलं आणि ताईने डोळे वटारले. फ्रीगंजच्या बाजारातल्या जिन्याखालच्या त्या गाळ्यात तुमच्या तीन व्हिडिओ गेमच्या पेट्या होत्या. पडद्यावर जेवढी मारामारी चालायची, त्याहून जास्त पडद्याच्या अलीकडे व्हायची. हरल्याच्या रागात एका पहिलवानाने काचेवर स्टूल घातलं, तेव्हा तुम्ही त्याला तिथेच लोळवून त्याचे दोन दात पाडलेत. मग त्याच माणसाला स्कूटरवर मागे बसवून, वाटभर शिव्या देत, तुम्हीच दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलात. तो पुढे तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक झाला. घरचा रेडिओ नीट होईना म्हणून तुम्ही तो गच्चीवरून रस्त्यावर भिरकावलात, मग खाली उतरून तुकडे वेचलेत, आणि आठवडाभर बसून तो पुन्हा बोलता केलात. तुम्ही चांगले होतात असं मी सरसकट म्हणणार नाही, भाऊजी. तुमच्या घरी जेवायला बसलं की ताटासमोरची भिंत आधी बघावी लागायची, वरणाचे डाग किती जुने आहेत ते. ताईवर मात्र तुम्ही कधी हात टाकला नाहीत. मी तिला एकदा स्पष्टच विचारलं होतं. "मला नाही गं, भिंतींना मारतात," ती म्हणाली.

म्हणूनच त्या लाथेवर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. असा माणूस आज ना उद्या कुणाला तरी मारणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तुम्ही ते जाणून होतात आणि त्याचाच उपयोग केलात. मी पाच वर्षं गप्प बसले. हे लिहायला घेतलं आहे ते त्या गप्प बसण्याबद्दल.

घरोघर केबल आली आणि टीव्हीला लावायचे स्वस्त गेम दिल्लीहून पोत्यांनी यायला लागले, तशी तुमची दुकानदारी बसली. मोकळ्या पेट्यांसमोर तुम्ही महिनाभर माशा मारत बसलात. मग एका दुपारी घरून कुऱ्हाड आणून पेट्यांचं लाकूड फोडून काढलंत. अख्खं फ्रीगंज बघत होतं. पण आतले पडदे तुम्ही आधी अलगद बाहेर काढून ठेवले होते. दोन चांगले होते, एक मेलेला. त्याच सुमारास मी जिथे कंप्यूटर शिकवायची ती संस्था रातोरात कुलूप लावून पळाली. बाबा गेलेले, आईची पेन्शन तेवढी, आणि माझ्या लग्नाची बोलणी दोनदा मोडलेली. मी ठरवलं की घरच्याच पुढच्या खोलीत स्वतःचा क्लास काढायचा. त्या वर्षांत कंप्यूटर म्हटलं की आईबापांचे डोळे लकाकायचे. सरकारी लिलावात मला एक जुना कंप्यूटर मिळाला. पत्र्याचा जड डबा, त्यात रंगीत चित्राचं जुनं कार्ड, पण मॉनिटर कुणीतरी आधीच लांबवलेला. रंगीत मॉनिटर घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

"माझा पडदा घे," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं त्याच्यावर लोकांनी नुसती मारामारी केली. आता अ आ इ ई करू दे त्याला."

मला वाटलं, एक वायर जोडायची की झालं. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात.

महिनाभर रोज संध्याकाळी तुम्ही यायचात. पायात त्या कामाच्या चपला. जाड तळाच्या, निळ्या पट्ट्यांच्या. त्या तुम्ही रस्त्यावर घालत नव्हतात, पिशवीतून आणायचात आणि घरात घालायचात. आईचा जीव वरखाली व्हायचा. "जावई आहेत म्हणून बोलत नाही, पण देवाच्या समोरून चपला घालून जातात." बोलत नाही म्हणत ती रोज बोलायची. तुम्हीही रोज तेच उत्तर द्यायचात, "आई, देव रागावला तर माफ करेल. करंट नाही करत." माझ्यासाठी तुम्ही आमचा जेवायचा पाट मागून घेतलात आणि मला त्यावर उभं केलंत. "लाकडावर राहायचं. डावा हात पाठीमागे. दोन्ही हात आत घातलेस तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाईल." मी विसरून डावा हात पुढे आणला की तुमची फुटपट्टी फाडकन मनगटावर बसायची. मी चोवीस वर्षांची बाई, पदवीधर, आणि मनगटावर वळ. तेव्हा मला तुमचा मनापासून राग यायचा.

पडदा बंद असला तरी मेलेला नसतो, हे तुम्ही मला दाखवलंत. त्या काचेच्या मागच्या रबरी टोपीखाली तुम्ही वायरीने बांधलेला स्क्रूड्रायव्हर सरकवलात आणि खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बघ, परवापासून बंद आहे हा," तुम्ही म्हणालात. "राग धरून बसतो. माझ्यासारखा."

एकदा तुम्ही कुणाकडून तरी नवीन कार्ड मागून आणलंत, चित्र जास्त छान येईल म्हणून. ते लावताच पडदा किंचाळायला लागला. खरंच किंचाळला, कानात दाभण खुपसल्यासारखा, मग आतून ठो झालं आणि धूर आला. नव्या कार्डाचा वेग त्या पडद्याच्या दुप्पट होता, त्याला तो झेपला नाही. तुम्ही ते कार्ड उचलून भिंतीवर फेकलंत, मग दहा मिनिटांनी उचलून फुंकर मारून पुसलंत, कारण ते दुसऱ्याचं होतं. जळालेला पार्ट बदलून जुनंच कार्ड लावलंत. त्याची आणि पडद्याची चाल एक होती. रंगांच्या तारांत छोटे रेझिस्टन्स टाकलेत, तिरकं पळणारं चित्र एका आयसीने जागेवर आणलंत, आणि पडद्यावर माझं नाव हिरव्या अक्षरांत उभं राहिलं. "ले, मास्तरीण," तुम्ही म्हणालात. तुमचे डोळे भरून आले होते आणि तुम्ही ते धुरावर ढकललंत.

आणि तो ट्रान्सफॉर्मर. लोखंड-तांब्याचा तो विटेएवढा ठोकळा, जो आधी पेटीच्या तळाशी असायचा आणि आता टेबलावर पडद्याशेजारी बसला होता. भिंतीतली लाईन आधी त्याच्यात जायची आणि मग पडद्यात. तुम्हाला सोवळ्या-ओवळ्याचा तिटकारा, पण मला समजावं म्हणून तुम्ही तीच भाषा काढलीत. "हा पडद्यामागचा पत्रा ओवळा. भिंतीतला करंट थेट त्याच्या अंगात असतो. कंप्यूटर सोवळ्यातला. वायर जोडली की हा त्याला शिवणार. म्हणून मधे हा बसवायचा."

मी मीटर लावून बघितलं. "दोनशेतीस व्होल्ट आत जातात आणि दोनशेतीसच बाहेर येतात, भाऊजी. हा तर काहीच करत नाही."

"यही तो उसका काम है. काही करत नाही. पण याच्यात ही तार त्या तारेला शिवत नाही."

"मग नसला तर काय बिघडलं?"

"तू मरशील. और क्या."

मला ते पटलं नव्हतं. जी वस्तू काही वाढवत नाही, काही कमी करत नाही, तिची गरज काय, हा वाद मी तुमच्याशी निदान दहा वेळा घातला. तुम्ही दहाही वेळा चिडलात आणि एकदाही नीट समजावलं नाहीत. तुम्हाला वाटायचं, तुम्ही ओरडलात म्हणजे समोरच्याला कळलं.

एक काम तेवढं राहिलं होतं. आमच्या भिंतीतल्या प्लगचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, त्यामागे तारच नव्हती. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून अर्थिंग करायला हवं, असं तुम्ही घरमालकांना सांगितलंत. ते म्हणाले, फरशी फुटेल. तुम्ही त्यांची कॉलर धरलीत. मी आणि ताईने तुम्हाला ओढून आत आणलं, आणि ते काम तिथेच अडकलं.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार-लोखंड पाटावर मांडतात, हळद-कुंकू वाहतात, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. बाबा असताना त्यांचा हातोडा, करवत असायची. त्या वर्षी आई म्हणाली, "यंदा तुझं यंत्र मांडायचं. तुझ्या पोटापाण्याचं आहे." कंप्यूटर पाटावर मावेना. "मग त्यातलं लोखंड दे एखादं, खरं, वजनदार." तुमच्या पक्कड-टेस्टरबरोबर मी तो ट्रान्सफॉर्मर सोडवून तिला दिला. मी स्वतः. आईने त्याला झेंडूचं फूल वाहिलं आणि कुंकवाचं बोट त्याच्या खाचांत घुसेपर्यंत दाबलं.

दसऱ्याला क्लासचा मुहूर्त होता, अकराचा. सकाळी दहापासून आईबाप मुलांना घेऊन ओसरीवर जमायला लागले. तुम्ही सकाळपासून कामात होतात आणि घाईत त्या कामाच्या चपला न बदलताच पेढे आणायला गेला होतात. मी पूजेच्या पाटाकडे बघितलं. आईची उत्तरपूजा संध्याकाळी. त्याआधी तो उचलला असता तर तिने दिवसभर डोळ्याला पदर लावला असता, आणि माझ्या पहिल्या दिवशी मला ते नको होतं. मला तुमचे शब्द आठवले, तो काही करत नाही. मी पडद्याच्या दोन तारा सरळ प्लगला जोडल्या, वर टेप गुंडाळली. एक दिवसाचा तर प्रश्न. एवढं शिकून मी हे केलं, भाऊजी. पाटावरचं लोखंड उचलायचं धाडस मला झालं नाही आणि भिंतीतला करंट सरळ जोडायचं झालं.

फरशी नुकतीच पुसलेली होती. मी अनवाणी. ताई ओसरीवर लोकांना पाणी देत होती. मी बटण दाबलं, चित्र आलं, अगदी सुरेख आलं. कंप्यूटरचा डबा जरा सरळ करावा म्हणून मी त्याची कडा धरली.

मग हात माझा राहिला नाही. बोटं पत्र्यावर आवळली गेली आणि सुटेनात. दात एकमेकांवर बसले. सगळं दिसत होतं. खिडकीतून आत बघणारी माणसं, पडद्यावरचं माझं हिरवं नाव, पाटावरचं झेंडूचं फूल. ओरडायचं होतं आणि आवाज निघत नव्हता. छातीत कुणीतरी घण घालत होतं. मला कळलं की मी मरते आहे. शपथेवर सांगते, तेव्हासुद्धा मनात आलं की वाद तुम्ही जिंकलात.

तुम्ही दारात आलात. पेढ्यांचा पुडा तुमच्या हातून पडला. आईही त्याच क्षणी नैवेद्याचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, आणि तिने बघितलं ते एवढंच, की तुम्ही चपला घालून पूजेच्या पाटावरून उडी मारलीत आणि मला लाथ घातलीत.

मी कपाटावर जाऊन आपटले. माझ्याबरोबर वायर ओढली गेली आणि पडदा टेबलावरून खाली आला. त्याची मान मोडली आणि तो फुटला. तो आवाज अजून माझ्या झोपेत येतो. काचा पूजेवर, श्रीखंडात, माझ्या दंडात. तुम्ही "कुणी हात लावू नका" असं ओरडत प्लगकडे धावलात, आणि तुम्ही प्लग उपसत असताना आईने पाण्याने भरलेला पितळेचा तांब्या तुमच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फाटली. तुम्ही वळलात. रक्त डोळ्यात येत होतं. तुमची नजर टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे गेली, मग पाटावरच्या कुंकू लावलेल्या ठोकळ्याकडे, मग माझ्याकडे. तुम्हाला सगळं कळलं. मी जमिनीवरून तुमच्याकडे बघत होते आणि मला दिसलं की तुम्हाला कळलं.

"काय केलंत हे? माझ्या पोरीला लाथ?" आई ओरडली.

ओसरीवरची माणसं दारात दाटली होती. कुणीतरी म्हणालं, "क्या हुआ, करंट लगा क्या?" तेवढ्यावर माझा क्लास संपला असता. पहिल्याच दिवशी बाईला करंट लागला, त्या खोलीत आपलं मूल कोण पाठवेल?

तुम्ही शर्टाच्या बाहीने डोळा पुसलात. "कोई करंट-वरंट नहीं. मैंने लात मारी. मेरी मशीन का सत्यानाश कर दिया इसने, दिमाग घूम गया मेरा. कंप्यूटर एकदम ठीक है भिया, क्लास सोमवार से." मग आईकडे वळलात. "डोकं फिरलं माझं. मारली."

आईने तुम्हाला घराबाहेर काढलं. ताईलाही म्हणाली की यांच्याबरोबर राहायचं तर इथे एकटी येत जा. दवाखान्यात मी सांगितलं की टेबलावरून पडले. डॉक्टरांनी दंडातली काच काढली, बरगड्यांना पट्टा आवळला, आणि मी बोलले नाही. आधी धक्क्यातून सावरले नव्हते म्हणून. मग लोक ऐकतील म्हणून. मग आईचं काय होईल म्हणून. आणि मग, भाऊजी, खरं सांगते, सोयीचं होतं म्हणून.

पंधरा दिवसांनी मी तुमच्या गाळ्यावर आले. पेट्या गेलेल्या, तुम्ही टीव्ही दुरुस्त करत बसला होतात. भुवईत टाके. मी म्हटलं, "आज घरी सांगते." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सांगितलंस तर उजवीकडच्या पण मोडीन. तिच्या पूजेपायी झालं हे कळलं तर म्हातारी पुन्हा देवाला हात लावणार नाही, समजलं का? आणि तुझा क्लास? चल, काम करू दे." मी उलट बोलले नाही. बोलायला हवं होतं. तुमच्याशी हजार बाबतींत भांडले आणि तिथे मुकाट्याने घरी आले.

त्याच आठवड्यात आई गोपाळ मंदिरात गेलेली बघून तुम्ही पहार घेऊन आलात. घरमालक आरडाओरडा करत होते आणि तुम्ही त्यांच्या अंगणात अशी पहार घालत होतात जणू खाली कुणी वैरी पुरला आहे. फरशीच्या ठिकऱ्या उडाल्या. खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, तार. आई यायच्या आत तुम्ही खड्डा बुजवून निघूनही गेलात. दुसऱ्या दिवशी ताई हातगाडीवर दुसरा पडदा घेऊन आली. तुम्ही त्याला लाकडी खोकं केलं होतं. ट्रान्सफॉर्मर आतच बसवलेला, चार स्क्रूंनी, आणि चारही स्क्रूंची डोकी कानशीने घासून गुळगुळीत केलेली. जगातला कुठलाच स्क्रूड्रायव्हर त्यांना लागला नसता. मागचं झाकण उघडलं तर आत जाड पेनाने तुमच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, "कुंकू बाहेरून लावावे." मी त्या खोक्यावर डोकं टेकून रडले आणि आईला वाटलं, बरगड्या दुखतात.

त्या पडद्यावर मी पाच वर्षं क्लास चालवला. त्यातली मुलं आज बँकेत, रेल्वेत बसली आहेत. आई दर दसऱ्याला त्या खोक्याला बाहेरून कुंकू लावायची आणि तुम्हाला नावं ठेवायची, एकाच वेळी. ताई समोर बसून वाती वळत राहायची. मी तुमची वाट रस्त्यात, बाजारात गाठत राहिले आणि आपण वायरींबद्दल बोलत राहिलो.

आणि शेवटचं भांडण तरी किती फालतू. गेल्या महिन्यात मी नवा मॉनिटर घेतला आणि मोठ्या उत्साहाने गाळ्यावर सांगायला आले की आता जुन्या खोक्याला सुट्टी. तुमचा चेहरा उतरला. "नये में ऐसा कौन-सा पिक्चर आता है?" तुम्ही हातातली पक्कड भिंतीवर मारलीत आणि शटर ओढून निघून गेलात. मी मनात म्हटलं, जाऊ दे, चार दिवसांनी येतील फुंकर मारून पुसायला. नानाखेड्याच्या बसस्टँडसमोर त्या बसने तुमची स्कूटर उडवली तेव्हा त्या भांडणाला नऊ दिवस झाले होते. चक्रतीर्थाच्या स्मशानात बायका जात नाहीत आमच्यात. मी गेले. तुमच्या भुवईवरची ती पांढरी रेघ शेवटपर्यंत दिसत होती आणि मला किंचाळावंसं वाटत होतं, त्या पडद्यासारखं. त्या बसच्या काचा फोडाव्यात, कुणाला तरी लोळवावं. तुमचा सगळा राग माझ्या अंगात आला होता आणि मारायला समोर कुणी नव्हतं.

काल खंडेनवमी. यंदा सण नाही तो तुमच्या घरी, आमच्याकडे तशी अडचण नाही, म्हणून आईने पाट मांडला. ताई तेराव्यापासून आमच्याकडेच आहे. तिने पूजेला हात लावला नाही, खांबाला टेकून बसली होती. आई फुलं निवडत म्हणाली, "गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. पण दसरा आला की मला ती लाथ आठवते. जन्मभर आठवणार." ताईने नेहमीसारखी मान खाली घातली.

मी आत गेले, ट्रंकेतून तो जुना ट्रान्सफॉर्मर काढला आणि आईसमोर ठेवला. खाचांत पाच वर्षांपूर्वीचं कुंकू तसंच होतं, काळं पडलेलं. मग सांगितलं. न थांबता, सगळं. कुणी सोडवला, कुणी तारा जोडल्या, माझा हात कसा चिकटला, तुम्ही हाताने ओढायला गेला असतात तर दोघं कसे गेलो असतो, पायात त्या चपला होत्या म्हणून तुम्ही लाथ मारू शकलात आणि वाचलात.

आईने माझ्या थोबाडीत मारली. एकोणतीस वर्षांच्या मला. मग दुसरी. तिचा हात दुखला असावा, ती तो दुसऱ्या हातात धरून बसली. मग ताईला म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

"आणि तू माझं ऐकून घेत राहिलीस? पाच वर्षं?"

"ते म्हणायचे, आईंना बोलू दे. माझ्यावर बोलल्या म्हणजे स्वतःवर बोलणार नाहीत."

आई निवडलेली फुलं तशीच ठेवून उठली, चूळ भरून आली, पुन्हा बसली. "त्याच्या त्या चपला कुठे आहेत?" तिने विचारलं. तुम्हाला ती पहिल्यांदा एकेरीत बोलली, भाऊजी, मुलाला बोलावं तसं.

मी नानाखेड्याला तुमच्या घरी जाऊन त्या घेऊन आले. तुमच्या पिशवीतच होत्या, सोल्डरिंगच्या तारेच्या रिळाबरोबर. डाव्या चपलेचा पट्टा तुम्ही तांब्याच्या तारेने शिवलेला होता. मी त्या आणून उंबऱ्याबाहेर ठेवल्या, सवयीने. आईने बाहेर येऊन त्या उचलल्या. धुतल्या नाहीत, पदराने पुसल्या, आणि आत नेऊन पाटावर मांडल्या, ट्रान्सफॉर्मरशेजारी. हळद वाहिली, कुंकू लावलं. रबरावर ते नीट धरेना, तिने पुन्हा लावलं. फूल ठेवलं आणि टेकता येत नाही तरी गुडघे टेकले.

"उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," ती आम्हा दोघींना म्हणाली.

आज दसरा. संध्याकाळ होऊन गेली, आपट्याची पानं देऊन शेजारीपाजारी परत गेले, सोनं ताटात पडलं आहे. दर वर्षी दिवेलागणीच्या आत ती उत्तरपूजा उरकते. मी दोनदा आठवण केली. ती म्हणाली, "करते, राहू दे जरा." भाऊजी, तुमच्या चपला अजून पाटावरच आहेत.